नळी कायमची नको, उघडून धुता येणारी हवी

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातून एका चौतीस वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. पुण्यात बिअर तयार करून विकणाऱ्या एका उपाहारगृहात चार वर्षे काम केल्यानंतर वडिलांच्या आजारपणामुळे ते गावी परतले. घरी संत्र्याची बाग आणि थोडे कोरडवाहू वावर आहे. हिवाळ्यात हुरड्यासाठी शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना काही वेगळे पेय द्यावे, या विचाराने त्यांनी मामेभावाच्या मदतीने लोखंडी अँगलची घडवंची तयार केली, तिच्यावर पन्नास-पन्नास लिटरचे तीन स्टीलचे गंज बसवले आणि खाली गॅसच्या शेगड्या मांडल्या. पहिल्या गंजात पाणी तापवायचे, दुसऱ्यात भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, त्या पाण्यात मुरवायचा आणि तिसऱ्यात निथळलेले पाणी उकळायचे, अशी रचना आहे. हे तीन गंज कोणत्या नळ्यांनी जोडावेत, येथे घोडे अडले आहे. वेल्डिंगचे काम करणारा मामेभाऊ जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप सुचवतो, हार्डवेअरचे दुकान असलेले मेहुणे सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप देऊ करतात, घरात आजोबांच्या काळातली तांब्याची नळी पडून आहे आणि मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंत सगळीकडे चकचकीत स्टीलच्या पक्क्या बसवलेल्या नळ्या दिसतात. नळ्यांसाठी १५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. 'एकदाच पक्के काम करावे, पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये' अशी त्यांची इच्छा आहे. आई मात्र रोज विचारते, 'एवढे पाइप कायले पायजेत? या गंजातलं त्या गंजात ओतता येत नाही का?' सुरुवात साध्या माल्टच्या पेयाने करायची आणि जमल्यास पुढे बिअरकडे वळायचे, असेही त्यांनी शेवटी लिहिले आहे.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण ते सर्वांत महाग पडू शकते. महाराष्ट्रात मद्यार्क असलेले पेय परवान्याशिवाय तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्याचे कलम ६५ मद्य तयार करण्याच्या हेतूने भांडी व उपकरणे बाळगण्यालाही लागू होते. म्हणजे उद्या गंजात पेय आंबवणारे यीस्ट पडले तर तुमची घडवंचीसुद्धा पुराव्याची वस्तू ठरेल. 'घरच्यापुरतीच करतो', 'हलकीच असते' हे बचाव पंचनाम्यापुढे टिकत नाहीत. ज्या व्हिडिओंवरून तुम्ही रचना घेतली, त्यांतले बहुतेक अमेरिकेतले आहेत. तिथे घरी बिअर करण्याला १९७८ साली मंजूर झालेल्या कायद्याने मुभा मिळाली आणि त्यानंतर हौशी लोकांच्या मागणीवर त्या साहित्याची बाजारपेठ उभी राहिली. ती मुभा व्हिडिओबरोबर आपल्याकडे येत नाही. वर्धा आणि गडचिरोली हे तर पूर्ण दारूबंदीचे जिल्हे आहेत, तेथील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बिअरचा विचार असलाच तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी आधी करावी आणि तोवर यीस्ट घरात आणू नये. माल्ट उकळून, आले आणि संत्र्याची साल घालून, गार करून त्याच दिवशी वाढायचे पेय ही वेगळी गोष्ट आहे. त्यात दारूचा प्रश्न येत नाही. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी तेवढी करून घ्या. यापुढचे सारे उत्तर मी या पेयापुरते लिहीत आहे.

आता नळ्यांकडे वळू. मला तुमच्या पत्रातला सर्वांत शहाणा प्रश्न आईंचा वाटला. त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर 'नाही, ओतता येत नाही' असे आहे. पन्नास लिटर उकळते पाणी म्हणजे गंजासकट पन्नास किलोंहून जास्त वजन, आणि माल्टचे पाणी गोड असल्यामुळे अंगावर सांडले तर साध्या पाण्यासारखे ओघळून जात नाही, कातडीला चिकटून पोळते. एवढा गंज दोघांनी उचलून कलता करणे हा वेडेपणा आहे, त्यामुळे नळी हवीच. पण उरलेले अर्धे उत्तर त्यांच्या बाजूचे आहे. गंजातून गंजात ओतताना मधे धुवायचे काहीच उरत नाही, हा ओतण्याचा मोठा गुण आहे. तुम्ही जी नळी लावाल तिने हा गुण जमेल तेवढा राखला पाहिजे. 'पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये' ही तुमची अपेक्षा म्हणूनच मला खटकते. विहिरीवरून बागेत जाणाऱ्या पाइपलाइनला ती शोभते. माल्ट, दूध किंवा रस वाहून नेणाऱ्या नळीला दर वेळी हात लावावाच लागतो, आणि जिला हात लावता येत नाही ती आतून कशी आहे हे कोणालाच कळत नाही.

माझी नोकरीची बरीच वर्षे एका दूध शीतकरण केंद्रात यंत्रांच्या देखभालीत गेली. तिथे एकदा नवी टाकी बसवताना जुन्या नळीचा एक फाटा काढून टाकण्याऐवजी टोपण लावून तसाच ठेवला गेला. फाटा वीतभर लांबीचा होता आणि तो मीच तसा ठेवायला सांगितला होता. आठवड्याभरात टाकीतले दूध उकळताच फाटू लागले. आधी कॅनवर संशय गेला, मग दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांवर, त्यातल्या दोघांना तर बरेच ऐकून घ्यावे लागले. चौथ्या दिवशी ते टोपण उघडले तेव्हा आत पिवळट दह्याचा बुच बसला होता आणि वास असा, की हेल्पर पोरगा बाहेर पळाला. रोजच्या धुण्याचे पाणी मुख्य नळीतून जात होते, त्या आंधळ्या फाट्यात शिरतच नव्हते. त्यानंतर मी एक नियम पाळला. नळीच्या व्यासाच्या दीड-दोन पटींहून लांब आंधळा तुकडा कुठेही राहू द्यायचा नाही. व्हिडिओतल्या पक्क्या जोडण्यांकडे या नजरेने पुन्हा एकदा पाहा. तिथे दोन पंप, आठ-दहा तोट्या आणि मधे टी-जोडांची माळ असते. एक तोटी बंद केली की तिच्यामागचा तुकडा आंधळा होतो. दिसायला ते सुरेख असते, यात वाद नाही.

तुमच्या नातेवाइकांनी दिलेले सल्ले वाईट हेतूचे नाहीत. ज्याच्या हाताशी जे आहे ते त्याने सुचवले आहे, एवढेच. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो आणि आंबट द्रवात जस्त विरघळते. माल्टचे पाणी किंचित आंबट असते, त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, साधारण ५.२ ते ५.६ या दरम्यान राहतो, आणि संत्र्याचा रस तर याहून पुष्कळ आंबट. असे पेय जस्ताशी गरम अवस्थेत राहिले तर पोटात मळमळ आणि उलट्या होतात. तेव्हा मामेभावाचा पाइप घडवंचीच्या पायांना वापरा, पेयाला नको. सीपीव्हीसीची अडचण उष्णतेची आहे. बहुतेक उत्पादक त्याची कमाल मर्यादा ९३ अंश सेल्सिअस सांगतात, आणि तुमचा तिसरा गंज ९९ अंशांच्या आसपास उकळणार आहे. शिवाय त्याचे सांधे चिकटवलेले असतात, म्हणजे एकदा जोडले की उघडून पाहण्याचा प्रश्नच मिटला. मेहुण्यांच्या दुकानातून थंड पाण्याची ओळ मात्र खुशाल घ्या, तेवढ्याने त्यांचाही मान राहील. साधा पीव्हीसी किंवा बागेचा पारदर्शक पाइप गरम बाजूला अजिबात आणू नये. तो साठ अंशांच्या पुढे लोळागोळा होतो, आणि त्याचा वास पेयाला लागतो तो वेगळाच.

तांब्याची नळी टाकून देऊ नका. तांबे उष्णता झटकन देते, आणि माल्टच्या पाण्याला ते परंपरेने चालत आले आहे, बिअरचे जुने कढले तांब्याचेच असत. पण ज्या पेयात संत्र्याचा किंवा लिंबाचा रस असेल त्याला तांबे किंवा पितळ लागता कामा नये. हे आपल्याला कोणी परदेशी माणसाने सांगायला नको, पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते हे आईंना लहानपणापासून ठाऊक असेल, आणि म्हणून तर घरोघरी भांड्यांना कल्हई होत असे. पितळेत आणखी एक खोट आहे. यंत्रावर सहज कापले जावे म्हणून तोट्यांच्या पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते. बाजारात मिळणारी स्वस्त, वरून निकेलचा मुलामा दिलेली तोटी आतून पितळेचीच असते, तेव्हा चकाकी पाहून ती स्टीलची समजू नये.

मग राहते ते स्टेनलेस स्टील आणि सिलिकॉनची रबरी नळी. माझा सल्ला असा, की गंजाला कायम चिकटून राहणारे भाग, म्हणजे गंजाच्या भिंतीतून बाहेर येणारा जोड आणि तोटी, एवढेच स्टीलचे घ्यावेत आणि गंजांमधले सारे अंतर सिलिकॉनच्या सुट्या नळीने पार करावे. स्टील घेताना ३०४ या प्रतीचेच मागा. तालुक्याच्या बाजारात २०२ या प्रतीचे स्वस्त स्टील भरपूर विकले जाते, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते आणि ते लवकर गंजते. दुकानदार चुंबक लावून 'बघा, चिकटत नाही, अस्सल आहे' असे दाखवतो, पण त्या परीक्षेला काही अर्थ नाही, कारण २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. थेंब टाकून रंग पाहण्याचे रसायन मिळते, ते मोठ्या शहरातल्या स्टीलच्या व्यापाऱ्याकडे असते, आणि खरेदीच्या वेळी त्याच्याकडून तपासून घेणे हा सरळ मार्ग आहे.

मामेभावाला गंजाला जोड वेल्ड करू द्यावा का, याचे उत्तर त्याच्याकडे आर्गन वायू सोडत वेल्डिंग करणारे यंत्र आहे की नाही यावर आहे. गेटला आणि ट्रॉलीला लावतात ते साधे वेल्डिंग पातळ स्टीलच्या आतल्या बाजूला काळी, खडबडीत, साखरेच्या खड्यांसारखी कड सोडते, तिच्या फटींत माल्ट अडकतो आणि स्टील गंजायलाही तिथूनच सुरुवात होते. आर्गन नसेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये. गंजाला साधारण २१ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात अर्ध्या इंचाचा आट्यांचा जोड घालावा, बाहेरून सिलिकॉनचे वॉशर आणि आतून नट लावून तो आवळावा. गळत नाही आणि सुट्टीच्या दिवशी खोलूनही ठेवता येतो. भोक पायऱ्यांच्या ड्रिलने, मंद वेगात, तेलाचे थेंब सोडत पाडा. घाई केली तर स्टील कडक होते आणि ड्रिलची धार जाते.

आट्यांबाबत एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण यात माणसे पैसे आणि मनस्ताप दोन्ही घालवतात. आपल्या बाजारातले नळाचे आटे बीएसपी या ब्रिटिश मापाचे असतात, आणि ऑनलाइन मागवलेले परदेशी जोड बहुधा एनपीटी या अमेरिकी मापाचे. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला चौदाच आटे आहेत, त्यामुळे एक दुसऱ्यात तीन-चार फेरे सहज बसतो आणि माणसाला वाटते जमले. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा आहे. ते कधीच नीट बसत नाहीत, थंड पाण्याला कसेबसे धरतात आणि तापले की टिपकू लागतात. मग आपण टेफ्लॉन टेपचे आणखी दहा वेढे घालतो, जोर लावतो आणि आटे खरडतात. सगळे साहित्य एकाच मापाचे घ्या, आणि ते बीएसपी असू द्या, म्हणजे रात्री आठ वाजता काही तुटले तरी मोर्शीत मिळेल. सांध्याला टेफ्लॉन टेपच वापरा. सुतळी आणि सफेदा लावून सांधा बांधणारे जुने नळकारागीर अजून गावोगावी आहेत, त्यांचा हात पक्का असतो, पण सफेद्यात पूर्वी शिसे असे, आणि सुतळी तर ओलावा आणि माल्ट धरून ठेवते. खाण्यापिण्याच्या नळीला दोन्ही नको.

सुट्या नळीच्या टोकांना काय लावावे, यात दोन प्रकार तुमच्या विचारात असतील. डेअरीत वापरतात तो ट्राय-क्लोव्हर क्लॅम्प धुण्याच्या दृष्टीने सर्वोत्तम आहे. त्याला आटेच नसतात, दोन सपाट कड्यांच्या मधे वॉशर बसतो आणि बाहेरून पकड आवळली जाते. मी आयुष्यभर तोच वापरला, आणि तरीही तुमच्यासाठी तो सगळीकडे सुचवणार नाही, कारण पंधरा हजारांतले निम्मे तिथेच संपतील. दुसरा प्रकार कॅमलॉक. दोन कानांचा हा जोड तुम्ही टँकरच्या होजला पाहिला असेल. स्प्रिंकलरच्या पाइपांची कडी जशी एका हाताने लागते आणि सुटते, त्याच जातीची ही सोय आहे. तो स्टीलचा घ्या, ॲल्युमिनियमचा घेऊ नका, कारण धुण्यासाठी वापरलेला सोडा ॲल्युमिनियम खातो. प्रत्येक गंजाच्या तोटीला एकाच आकाराचे नर टोक आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकाच आकाराचे मादी टोक ठेवले, तर कोणतीही नळी कुठेही लागते, आणि दोन नळ्यांत तिन्ही गंजांचे काम भागते. तिसरी नळी पंपासाठी. कॅमलॉकचे कान उकळत्या पाण्याने तापतात, तेव्हा जवळ सुती फडके ठेवा.

नळीचा व्यास अर्धा इंच पुरेसा आहे. एक इंचाची मोठी नळी घेतली तर काम लवकर होईल, असे वाटते खरे, पण अर्ध्या इंचाच्या एक मीटर नळीत सुमारे १२५ मिलिलिटर द्रव अडकून राहतो आणि एक इंचाच्या नळीत अर्धा लिटर. चार मीटरांत हा फरक दीड लिटरचा होतो. तो दर वेळी एकतर फेकायचा किंवा आत आंबू द्यायचा. सिलिकॉनची नळी खाद्य दर्जाची आणि निदान तीन-चार मिलिमीटर जाड भिंतीची असावी. पातळ नळी उकळत्या पाण्याने मऊ पडते आणि पंपाच्या ओढीने आतल्या आत चिमटते. शेगडीच्या ज्वाळेपासून तिला लांब ठेवा. तुमच्या रेखाचित्रात मधल्या गंजाची तोटी सरळ शेगडीच्या तोंडावर आली आहे, ती चतकोर फिरवून बाजूला घ्या आणि मधे पत्र्याचा एक आडोसा ठोका, नाहीतर पहिल्याच दिवशी तोटीच्या दांड्याचे प्लास्टिक वितळेल.

तोटी मात्र थोडी महाग घ्या. साध्या बॉल व्हॉल्व्हमध्ये बंद केल्यावर गोळ्याच्या पोटात आणि त्याच्या मागे थोडे पेय कोंडून राहते, आणि ती तोटी उघडून धुता येत नाही. तीन तुकड्यांची तोटी चार बोल्ट काढले की पूर्ण सुटते. तिन्ही गंजांना ती घेणे परवडत नसेल तर निदान उकळण्याच्या गंजाला घ्या, कारण उकळल्यानंतर पेय त्या तोटीतून जाते आणि पुढे ते पुन्हा उकळले जाणार नसते. पाण्याच्या गंजाला साधी चालेल. माल्टच्या गंजात तोटीच्या आधी स्टीलची जाळी बसवा. भरड अडकून तोटी बंद पडली, की पन्नास लिटर चिकट गरम लगद्यात हात घालायची वेळ येते, आणि ती कोणावर येऊ नये.

पंप लागेलच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मी विचारतो. तिन्ही गंज एकाखाली एक, पायऱ्यांसारखे ठेवले तर सारे काम उतारावर होते, वीज लागत नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा किती आहे हे तुम्हीच जाणता. त्याची किंमत अशी, की सर्वांत वरचा गंज माणसाच्या डोक्याच्या उंचीवर जातो आणि त्यात उकळते पाणी असते. घरात लहान मूल असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मी असे करीन, की पाण्याचा गंज फक्त हात-दीड हात उंच ठेवीन, म्हणजे त्यातून माल्टच्या गंजात पाणी आपोआप उतरेल, आणि माल्टच्या गंजातून उकळण्याच्या गंजात चढवण्यासाठी एकच पंप वापरीन. उकळण्याचा गंज त्यामुळे जमिनीपासून फार उंच जात नाही आणि वीज गेलीच तर तेवढ्यापुरते लोट्याने उपसता येते.

पंप गरम द्रवाचा, खाद्य दर्जाचा, चुंबकाने चालणारा हवा. कूलरचा पंप यासाठी वापरणारे महाभाग मला ठाऊक आहेत. तो उष्णतेला टिकत नाही आणि गरम पाण्यात वीज उतरवतो. हा चुंबकी पंप स्वतः पाणी ओढून घेत नाही, हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही, कारण विहिरीवरच्या मोटरने हवा धरली की काय करायचे हे शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असते. म्हणून तो गंजाच्या तळाखाली बसवा, त्याचे बाहेरचे तोंड वर करा, म्हणजे हवा आपोआप निघून जाईल, आणि प्रवाह कमी करायचा असेल तर पंपाच्या पुढची तोटी आवळा, मागची कधीही नाही. उकळीला आलेले पाणी पंपाने खेचले तर आतच वाफ होते आणि पंप खडखडू लागतो. शेगडी बंद करून दोन मिनिटे थांबावे, मग चालवावा. पंपाच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि खरे अर्थिंग हवे, खुंटीला गुंडाळलेली तार नव्हे. तिथे ओली जमीन आणि उघडे पाय असणार आहेत.

गार करण्याची बाजू तुमच्या पत्रात एका ओळीत संपली आहे, तिला थोडी जास्त जागा द्या. आजोबांच्या तांब्याच्या नळीचे खरे काम इथे आहे. तिचे वेटोळे करून उकळण्याच्या गंजात बुडवायचे आणि आतून थंड पाणी सोडायचे. पेय बाहेरून दिसते, वेटोळे बाहेर काढून घासता येते. रस घालायचा असेल तो गार झाल्यावर, वेटोळे काढल्यानंतर घाला. व्हिडिओंत दिसतो तो पाट्यांचा शीतक फार झपाट्याने काम करतो, हे खरे. डेअरीतही पाट्यांचाच असतो, पण तो बोल्ट सैल करून पाटी-पाटी वेगळी करून धुता येतो. हौशी लोकांसाठी विकला जाणारा लहान शीतक झाळून कायमचा बंद केलेला असतो, आणि त्याच्या आत काय साचले आहे हे कोणालाही दिसत नाही. मी तो घेणार नाही. विहिरीचे पाणी साधारण हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते, आणि आपल्याकडे ही सरासरी २७ अंशांच्या घरात आहे, त्यामुळे त्याखाली पेय जाणार नाही. पुढचे काम बर्फाचे किंवा फ्रिजचे. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचे पाणी यासाठी वापरू नका, ते दुपारी हात पोळवते. वेटोळ्यातून निघणारे पहिले गरम पाणी भांडी धुण्याला साठवा, नंतरचे हौदात सोडा आणि निवल्यावर संत्र्याच्या आळ्यांत द्या. वरुड-मोर्शीकडे बोअर किती खोल गेल्या आहेत हे पाहता ते गटारात सोडणे बरोबर नाही.

धुण्याची पद्धत साधी आहे. काम संपताच, पेय वाळण्याआधी, सगळ्या नळ्या साध्या पाण्याने खळखळून घ्याव्यात, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते पंपाने पंधरा-वीस मिनिटे फिरवावे आणि शेवटी भरपूर स्वच्छ पाणी सोडावे. आपले पाणी जड असल्याने महिन्याभरात पांढरा क्षार धरेल, त्याला कोमट पाण्यातले लिंबूसत्व पुरते. नळ्या दोन्ही टोके खाली येतील अशा टांगून वाळवाव्यात, गुंडाळी करून कपाटात ठेवल्या की आत बुरशी धरते. ब्लीचिंग पावडर विहिरीसाठी ठीक, पण स्टीलवर ठेवू नका, क्लोरीनमुळे त्याला बारीक खड्डे पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, शेगाव या बाजूला राहणाऱ्या वाचकांनी तर खाऱ्या पाण्याने धुतलेले स्टील तसेच वाळू देऊ नये. शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याचा द्यावा.

पैशाचा क्रम मी असा लावीन, की आधी पंप आणि गळतीरोधक स्विच, मग उकळण्याच्या गंजाची तीन तुकड्यांची तोटी, मग जाड सिलिकॉनची नळी, आणि उरलेल्यात कॅमलॉक. चकचकीत पक्क्या नळ्यांसाठी काही उरणार नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. तुम्ही चार वर्षे ज्या कारखानावजा जागेत काम केले, तिथे नळ्या पक्क्या होत्या, कारण तिथे दिवसाला अनेकदा तेच काम होत असे आणि धुण्यासाठी वेगळी यंत्रणा व वेगळा माणूस होता. तुमच्याकडे हिवाळ्यातले काही रविवार आहेत आणि धुणारे हात घरचेच आहेत.

संत्र्याच्या रसाबद्दल एक बारीकशी सूचना, ती नळ्यांची नाही, पण नळ्यांवर राग निघू नये म्हणून देतो. नागपुरी संत्र्याचा रस तापवला किंवा काढून बराच वेळ ठेवला, की कडवट होतो. तो फळाचाच गुण आहे. नवीन रचनेत पहिल्यांदा रस कडू लागला तर स्टीलला दोष देऊन सारे खोलू नका, रस आयत्या वेळी काढा आणि उकळताना फक्त पातळ सोललेली साल घाला, पांढरा भाग नको.

सर्व जोडून झाले की पहिल्या दिवशी माल्टची पुडी उघडू नका. पन्नास लिटर पाणी घेऊन संपूर्ण काम एकदा करा, पाणी उकळून तासभर तिन्ही तोट्या, पंप आणि प्रत्येक सांधा पाहा, थंड असताना न गळणारे सांधे गरम झाल्यावर गळतात. शेवटी पंप थांबवून गंजांत आणि नळ्यांत किती पाणी उरले ते मापून ठेवा, तेवढे पेय दर वेळी वाया जाणार आहे. मग सगळे निवल्यावर आईंना बोलवा आणि नळीचे दोन्ही कॅमलॉक त्यांना सोडायला सांगा. त्यांच्या हाताने ते सुटले नाहीत तर वॉशर जाड झाला आहे, पातळ आणून पुन्हा करून पाहा.